‘क्रश्ड’ मी लिहिलं

थोडक्या मतांनी हरलेल्या बाईला ‘चिरडली’ म्हणायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? तुम्हालाच विचारतेय, कारण असली हेडलाइन तुम्ही पुढे पाठवता. पण पहिली आरोपी मी. तो शब्द मी लिहिलेला.

नौपाड्यातल्या एका इंग्रजी बातम्यांच्या वेबसाइटवर मी काम करायचे. महापालिकेची मतमोजणी आली की आमच्याकडे आदल्या दिवशीच बातम्या तयार. नाव रिकामं, आकडा रिकामा, क्रियापद मात्र आधीच ठोकलेलं. मोठ्या पक्षाचा उमेदवार पडला तर ‘एज्ड आउट’, म्हणजे थोडक्यात हुकला. अपक्ष पडला तर ‘क्रश्ड’, म्हणजे चिरडला. कोण किती मतांनी पडणार, हे मतयंत्रं उघडायच्या आधी आम्ही ठरवलेलं. निकाल आला की रिकाम्या जागा भरायच्या आणि बटण दाबायचं.

कोपरीच्या बाजारात मासे विकणारी एक कोळी मावशी अपक्ष उभी होती. खाडीत सोडलेलं गटाराचं पाणी, हा तिचा एकच मुद्दा. प्रचारात बातमीसाठी मी तिच्याबरोबर जिने चढलेले. दारात कुणी नाक मुरडलं की म्हणायची, “ह्यो वास माझा नाय, तुमच्या फ्लशचा हाय.” लोक हसायचे आणि पत्रक घ्यायचे.

ती हरली. एखाद्या सोसायटीने मनावर घेतलं असतं तर निकाल फिरला असता, एवढाच फरक. मी तो आकडा भरला. ‘क्रश्ड’ला चिकटूनच भरला. आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले, तर तिच्या पाटीमागच्या खांबावर आमच्या बातमीची प्रिंट. जिंकलेल्या पॅनलच्या कार्यकर्त्यांनी चिकटवलेली, ‘क्रश्ड’खाली लाल पेनाने ‘चिरडली’ लिहून. त्यातला एक तिथेच उभा होता. “काय मावशी, चिरडलेली कोलंबी कशी दिली?”

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, “बाय, मी हरली, ता खरा हाय. पन मना चिरडली कुनी? तू बघलास?”

समोरच्या इमारतीतल्या एका काकांनी तिच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही केलेली. सकाळी खांबावरचा कागद बघून ते मान खाली घालून पुढे निघून गेले होते. तिला पुन्हा उभं राहायचं होतं, आणि आता सहीला कोण येणार, हा तिचा प्रश्न होता.

मी ऑफिसात भांडले. संपादक हसले. “अगं, थोडक्यात हरली म्हटलं तर क्लिक कोण करणार? आणि तिला इंग्रजी कुठे कळतंय?”

“तिला कळलंय, सर. कळलं नाही ते आपल्याला.”

“हे काय तुझ्या बाबांचं पत्रक आहे?”

नव्हतंच. असतं तर हे घडलं नसतं. माझे बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामगार, युनियनची पत्रकं ते लिहायचे आणि प्रूफ मी मोठ्याने वाचायचे. एकदा त्यांनी ‘कामगारांना चिरडलं’ लिहिलं, मग खोडून ‘गेटवर अडवलं’ केलं. मी हिरमुसले. म्हणाले, “झालं तेवढंच लिही. त्याने राग कमी होत नाही.” आमच्या शत्रूबद्दलसुद्धा ते जास्तीचं क्रियापद वापरत नसत. आणि मी पगार घेऊन एका मावशीवर वापरलं.

संध्याकाळी संपादकांनी गुपचूप शब्द बदलला. दुरुस्तीची ओळ नाही, माफी नाही. खांबावरचा कागद तसाच. मी तो फाडायला गेले, तर मावशीने हात धरला. “फाडू नको. बाजूला तुझ्या सहीचा लाव.”

लावला. ‘या बाई थोडक्या मतांनी हरल्या. “चिरडली” हा शब्द निकालाआधीच लिहून ठेवलेला होता. तो मी छापला. चूक माझी.’ खाली माझं पूर्ण नाव.

काका आले. चष्मा वर करून दोन्ही कागद वाचले. बोंबील घेऊन गेले. सही देतील का, ते मला माहीत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतेय. पुढच्या निकालाची बातमी पुढे पाठवण्याआधी तिच्यातला मतांचा फरक शोधा, आणि मग क्रियापद वाचा. दोन्ही जुळत नसतील तर त्याच दिवशी संपादकाला दोन ओळी लिहा: कुणी चिरडलं, तुम्ही पाहिलंत का? आणि खाली आपलं पूर्ण नाव घाला.