लांब भोंग्याचा अर्थ

"तोंडानं वाजवून दाखव बघू."

काकूंचं हे वाक्य आमच्या बहरीनमधल्या, सनाबिसच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ होतं. एसी खडखडतोय, मिक्सर अडकतोय, बाळ खोकतंय, काहीही असो, काकू कान पुढं करायच्या आणि समोरच्याला तो आवाज काढायला लावायच्या. वरच्या मजल्यावरचा बँकेतला साहेब टाय लावून लिफ्टसमोर "घर्र टक, घर्र टक" करताना मी स्वतः पाहिलाय. त्याची गाडी सुरू होत नव्हती. काकूंना गाडीतलं काहीच कळत नव्हतं. "मला नाही रे कळत," त्या म्हणायच्या, "पण आवाज नक्की कसला, हे तुला तरी कळलं ना?"

काकू पीएच.डी. होत्या. युरोपातल्या एका विद्यापीठाचं त्यांचं संशोधन काकांच्या नोकरीपायी बहरीनला आल्यावरही लॅपटॉपवर चालू होतं. विषय असा: नदीच्या या काठाला एक देश, त्या काठाला दुसरा. इकडच्या कारखान्यातून वायू सुटला, तर तिकडच्या गावाला कोणी सांगायचं, आणि कसं?

मी मुहर्रकमधल्या एका बोर्ड छापणाऱ्या दुकानात डिझाइनर. त्याआधी नाशकात कॉलेजपासून पत्रकं लिहिली. पत्रक कसं असतं तुम्हाला माहीत आहे. वर जाड ठशात प्रश्न, मध्ये मागण्या, शेवटी जिंदाबाद. मी बोलायचेही तशीच. पहिल्याच भेटीत मी काकूंना सुनावलं, "इथं माणसं उन्हात करपतायत, आणि तुम्ही श्रीमंत गावांचे भोंगे मोजताय?"

"मोजत नाही गं, ऐकते," त्या म्हणाल्या. "एका काठावर लांब, सलग भोंगा म्हणजे धोका. समोरच्या काठावर अगदी तोच भोंगा म्हणजे धोका टळला. आणि मध्ये नदी केवढी? हाक मारली तर ऐकू जाईल एवढी."

"मग चूक कोणाची?"

"आली लगेच चूक वाटायला! आधी तो कांदा चीर."

मी कांदा चिरला, पण पटलं काही नाही. युरोपातल्या कुठल्या तरी नदीचं मला काय?

माझा दादा अस्करजवळच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये फोरमन आहे. इथं घरात आम्ही दोघंच, आणि गावाकडेही आता आमचं म्हणावं असं कोणी नाही. एका शुक्रवारी काकूंकडे जेवताना तो नवीन आलेल्या मालवणी गड्यांची गंमत सांगत होता. वर्कशॉपमध्ये शिकवतात ते असं: तुटक भोंगा, यल्ला, म्हणजे चला, बाहेर. लांब भोंगा, खलास.

"खलास ऐकून एकानं हातच जोडले," दादा हसत म्हणाला. "म्हणतो, 'मगे धावान काय उपेग?' त्याला वाटलं, लांब भोंगा झाला की आपणच खलास! अरे बाबा, खलास म्हणजे धोका संपला. या परत कामाला."

काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले, आणि घास तसाच हातात राहिला. त्याच आठवड्यात मी एका कोल्ड स्टोरेजचा बोर्ड डिझाइन केला होता, चार भाषांत: 'लांब भोंगा वाजताच बाहेर पडा.' पत्ता अस्करचाच होता.

"दादा, तुमच्या भिंतीला लागून कोल्ड स्टोरेज आहे का?"

"आहे की, मासळीचं. का गं?"

तिथली थंडी अमोनियावर चालते. उद्या तो वायू सुटला, तर पलीकडे लांब भोंगा वाजणार. पलीकडची माणसं पळणार. आणि अलीकडे माझा दादा आपल्या माणसांना सांगणार, खलास, चला कामाला.

संध्याकाळपर्यंत माझं पत्रक तयार होतं. 'माणसं मेल्यावर जागे होणार का?' दोन्ही कंपन्यांची नावं घातली होती, आणि खाली उद्गारचिन्हांची रांग. काकूंनी उभ्या उभ्या वाचलं.

"एवढी उद्गारचिन्हं कशाला? भोंगा ओरडतोच आहे."

"विनोद सुचतोय तुम्हाला? माझा दादा आहे तिथं!"

"म्हणूनच म्हणते. हे वाटलंस तर तुझा व्हिसा जाईल, त्याची नोकरी जाईल, आणि भोंगा आहे तसाच राहील." मग जरा मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "दोन्हीकडच्या सेफ्टीवाल्यांना माझ्याकडे चहाला आण. तू फक्त चहा द्यायचा. बोलायचं नाही."

दादाच्या वर्कशॉपचा सेफ्टी ऑफिसर केरळचा, त्याला दादानं आणलं. कोल्ड स्टोरेजचा सेफ्टी ऑफिसर इथलाच, वयस्कर बहरीनी. बोर्ड न्यायला दुकानात आला तेव्हा मी त्याला गळ घातली. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले. दोघांनीही आल्या आल्या फोन काढून आपापले नियम दाखवले. दोघांचेही नियम बरोबर होते. मी ट्रे घट्ट धरून ओठ चावत उभी.

"नियम बाद में," काकू हिंदीत म्हणाल्या. "पहले भोंगा मुँह से बजाके दिखाइए."

बहरीनी गृहस्थांनी कप खाली ठेवला, डोक्यावरचा रुमाल सावरला, छाती भरून श्वास घेतला आणि "ऊऊऊऊऊ" केलं. लांब, सलग. मग म्हणाले, "यानी, सब भागो."

केरळच्या साहेबाचं बिस्कीट चहात पडलं. तो हळूच म्हणाला, "सर, ये तो हमारा ऑल क्लियर है."

मग खात्री करायला दोघांनी एकदम पुन्हा "ऊऊऊऊऊ" केलं. शेजारचे दार वाजवून विचारून गेले, सगळं ठीक आहे ना.

त्यानंतर भिंतीच्या दोन्ही बाजूंना लांब भोंग्याचा एकच अर्थ झाला, बाहेर पडा. कवायत एकत्र झाली. नवे बोर्ड मीच छापले, त्यात खलास हा शब्द कुठंच नव्हता.

मी आजही म्हणते, माणसांचा जीव असा दोघांच्या चहावर सोडणं चूक आहे. नियम एकच हवा आणि सक्तीचा हवा. काकूंनाही ते मान्य होतं. "हवाच," त्या म्हणायच्या, "मी लिहिते ते त्याचसाठी. पण नियम येईपर्यंत वायू थांबत नाही ना गं."

पुढं काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ती दोघं परत युरोपला गेली. एअरपोर्टवर काकू मला म्हणाल्या, "जरा कमी ओरड. आणि पत्रकं सोडू नकोस." यातलं एक मला जमलं.

काही महिन्यांनी, दुकानात असताना दादाचा फोन आला.

"घाबरू नकोस हं," तो म्हणाला. "पलीकडे अमोनिया सुटला. लांब भोंगा झाला तसे आम्ही सगळे बाहेर पडलो. वारा येतो त्या बाजूला रस्त्यावर उभे आहोत. पलीकडचेही सगळे आलेत. डोळे जरा चुरचुरतायत, बाकी काही नाही. डबा तेवढा आत राहिला बघ, बांगड्याचं कालवण होतं."

"मर तू त्या कालवणात!" मी ओरडले आणि दुकानातच हमसून हमसून रडले.

मालकानं घरी जायला सांगितलं. टॅक्सीतून उतरले ती आमच्या दाराशी न थांबता जिना चढून काकूंच्या दाराशी गेले. बेल दाबली, परत दाबली. दार उघडलं ते अनोळखी आजोबांनी, चष्मा हातात धरून. तेव्हा मला आठवलं की काकू इथं राहत नाहीत.

सॉरी म्हणून निघायला हवं होतं. पण तोंडातलं कुठं ठेवणार?

"सब बाहर आ गए," मी म्हणाले. "सब के सब."

आजोबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कोण, कुठून, काहीच विचारलं नाही.

"अल्हमदुलिल्ला," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत वळले.