उधारीच्या भीतीनं मेलेले बैल

माह्या हातून घडलं ते सांगतो, पण पोट धरून हासान तर मी उठून जाईन, पाहजा!

महाराष्ट्र नुकताच झालता. मी बाविशीतला, बिनलग्नाचा. मामा म्हणे, "दारव्ह्याच्या त्या नव्या दुकानातून धोतरजोडी घेऊन ये. अन् धुतलेला सदरा घालून जाजो." निघता निघता बाबा कानात म्हणे, "दुकानदार गोड बोलला का समजजो, उधारी गळ्यात मारून राह्यला."

दुकान पाह्यलं अन् मी दारातच थबकलो. बावा रे बावा! काचेची कपाटं, वर गरगर फिरणारा विजेचा पंखा! आमच्या गावात तवा कंदील होते. धोतर राह्यलं बाजूले, मी पंख्याकडंच पाहून राह्यलो.

शेवटी धोतर घेतलं, पैसे काढले, तं दुकानदार माहा हात धरून म्हणे, "राहू द्या पाहुणे! पैशाची काय घाई हाय? आता येणं-जाणं राहीनच."

झालं! बाबानं सांगतलं ते हेच!

"शेती किती हाय?" त्यानं इचारलं.

आता खरं सांगतलं का हा उधारी देणार. मी म्हटलं, "होती. गेली."

"बैल?"

"मेले. दोन्ही."

"काही नाद-गिद?"

"पत्ते!" मी छाती काढून सांगतलं. जल्मात कधी पत्त्याले हात लावला नव्हता!

तेवढ्यात आतून हिरव्या लुगड्यातली एक पोरगी पोहे घेऊन आली. काय सांगू, पंखा इसरलो मी! अन् केवढं मोठं दुकान, गिऱ्हाइकाले पोहे! पण खाल्ले का फसलो. मी बशी परत केली, पैसे गल्ल्यावर ठेवले अन् तोऱ्यात निघालो. दुकानदाराचं तोंड एवढंसं झालतं.

घरी मामा उंबऱ्यातच उभा. "कसं झालं?"

"मामा, एका पैशाची उधारी घेतली नाही!"

"उधारी? अबे, तो पोरगी देऊन राह्यलता तुले! तू लाजशीन म्हणून सांगतलं नव्हतं!" मामानं कपाळच बडवलं.

मले काही गोड लागेना. तिच्या हातचे पोहे मी परत केलते! दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी जुपली अन् थेट दुकानासमोर नेऊन उभी केली. "हे पाहा बैल! जिते हायेत! शेतीबी हाय! पत्ते तर मले पिसताबी येत नाहीत! मले वाटलं, तुम्ही उधारी देऊन राह्यले."

दुकानदार हासून हासून गादीवर आडवा झाला. मग डोळे पुसत म्हणे, "लेका, उधारीच्या भीतीनं जो आपले बैल मारते, त्याले मी लागन तेवढी उधारी देतो. पोरगी तेवढी मागू नको!"