तात्यांचा चांगला कान

भुताच्या सिनेमाला खदखदून हसणारा माणूस मी एकच पाहिला. शेळगावचे फौजी तात्या. पलटणीतून निवृत्त झाल्यावर ते इंदापुरात एका पतसंस्थेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन बसत. समोरच माझा फोटो स्टुडिओ. जेवणाच्या सुट्टीत माझ्या कॉम्प्युटरवर आम्ही भयपट बघायचो. भुताला ते मुकाट बघत. हसू यायचं ते बंदूक निघाल्यावर.

दुनळीत काडतुसं दोनच, आणि हा सातव्यांदा कसा वाजवतो, असं ते पडद्यालाच विचारत. बंद खोलीत गोळी झाडून नायक लगेच जिन्यावरच्या पैंजणांचा कानोसा घ्यायला लागला की म्हणत, "आरं, त्याला आता सांजपातुर सवताची आईबी ऐकू यायची न्हाय."

ते कायम माझ्या डाव्या हाताला बसत. त्यांचा डावा कान पलटणीतच गेलेला. "एक सरकारला दिला, एक घरी ठिवलाय," म्हणायचे.

मग मला स्वतःचा भयपट काढायची हौस आली. मोबाइलवर बघण्यापुरता. उसाच्या कडेला पत्र्याचं शेड, आत एक म्हातारा हडळीवर गोळी झाडतो. बंदुकीच्या बाराचा आवाज खरा हवा, हा माझा हट्ट. तात्या म्हणाले, रानात वाजवू, शेडात नको. मला तो घुमायला हवा होता. मी बोलून गेलो, "फौजी असून भिता व्हय, तात्या?"

त्यांनी बंदूक खांद्याला अडकवली. मग म्हणाले, "बरं. तू म्हनतोस तर."

शेडात, मातीच्या पोत्यांच्या थप्पीत त्यांनी एकच बार काढला. मी बाहेर, कानांवर हेडफोन लावून. ते उजव्या कानावर तळहात दाबून बाहेर आले आणि माझ्याकडे बघून हसले. रेकॉर्डिंगमध्ये नुसता 'फट्' असा फुटका आवाज आला होता. शेवटी इंटरनेटवरचाच चिकटवला.

तो कान परत आला नाही. नोकरी सुटली. घरी त्यांनी वय झालं म्हणून सांगितलं, माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

काकी त्यांना "ऐकलं का?" अशी हाक मारत. नवऱ्याचं नाव कोण घेतंय! मी गेलो की स्वयंपाकघरातून त्यांचं "ऐकलं का, ऐकलं का" चाललेलं असे, आणि तात्या अंगणात शेंगा फोडत बसलेले. मी खाली मान घालून चहा प्यायचो.

बारामतीच्या दवाखान्यात काकींचं शेवटचं चाललं होतं. तात्या खिडकीशी पाठमोरे उभे. काकींनी डोळे उघडले, म्हणाल्या, "ऐकलं का?" मला स्पष्ट ऐकू आलं. मी तात्यांचा दंड धरून त्यांना वळवायला हवं होतं. ते आपणहून वळतील म्हणून मी थांबलो. ते वळले तेव्हा सगळं संपलं होतं.

माझं तोंड बघून त्यांनी ओळखलं. "काय म्हनली?"

नुसती हाक मारली, पुढचं बोलणं राहूनच गेलं, हे माझ्याच्यानं सांगवेना. मी मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, "वेळेवर जेवत जावा."

तेव्हापासून तात्या भूक असो नसो, ठरल्या वेळेला पाटावर बसत. सुनेला उशीर झाला तर म्हणत, "तिचं येवढंच मागनं हुतं, बाई."

गेल्या महिन्यात तात्या गेले. आदल्या दिवशी मी भेटायला गेलो होतो. पाणीसुद्धा घशाखाली उतरत नव्हतं. जेवणाची वेळ झाली तशी सुनेनं पेजेचा चमचा पुढं केला, आणि त्यांनी तोंड उघडलं.