धडक झाल्यावर मी पळालो न्हाई

मित्रांनो, जे झालं ते तसंच लिहितो.

आज दुपारी पिकअपमध्ये मोसंबी भरून तीर्थपुरीहून जालन्याला निघाल्तो. एका फाट्यावर मोटरसायकल एकदम आडवी आली. करकचून ब्रेक दाबला, तरी धक्का लागलाच. मोटरसायकलवाला पाय धरून रस्त्यात ओरडायला लागला.

पहिला विचार आला, पळ! मंग आठवलं, धडक देऊन पळणाऱ्याला कायदा सोडत न्हाई. खाली उतरलो. तेवढ्यात लोक धावत आले. एकानं कॉलर धरली, दुसऱ्यानं दगड उचलला.

"मला मंग मारा, आधी ह्याला दवाखान्यात नेऊ!" मी कसाबसा ओरडलो.

दगडवाल्यानंच जखमीला उचलून केबिनमध्ये घेतलं आणि माझ्या शेजारी बसला. दगड त्याच्या मांडीवरच होता. "जल्दी चल, पण पळायचं न्हाई," एवढंच वाटभर म्हणत होता.

दवाखान्यात पोचलो. जखमीच्या पायाचं हाड मोडलंय, पण जीव वाचला. पोलिसांना मीच फोन करून सगळं सांगितलं. बायकोला अजून सांगायची हिंमत होईना.

ड्रायव्हर भावांनो, कायदा म्हणतो थांबा. बराबर आहे. पण थांबलेल्याला जमावापासून कोण वाचवणार? पुन्हा अशी वेळ आली तर मी थांबीन का, हे आज मला छातीठोक सांगता येत न्हाई. तुम्ही थांबाल?