दिगंबरकाकांची बोटं

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी काचीगुड्याला ऑफिसात होते. पायाच्या जखमेचं विष अंगभर पसरलं होतं. चप्पल चावलेली त्यांना कळलीच नव्हती म्हणे... ऐकताना मला दुःखाआधी भीती वाटली, कारण एक गोष्ट मला वर्षभर ठाऊक होती.

गौलीगुड्यात काका साखरेच्या गाठी करायचे. होळी ते पाडवा त्यांच्याशी बोलायची सोय नसे. पाकाची तार दोन बोटांत बघायची आणि पाक साच्यात ओतायचा. मी कौतुकाने थर्मामीटर नेऊन दिला, तर त्यांनी त्याने पाठ खाजवली.

गेल्या वर्षी सिकंदराबादहून कॉन्व्हेंट शाळेच्या एक सिस्टर आल्या. त्या बरीच वर्षं मेक्सिकोत होत्या. तिकडे ईस्टरला अंड्यांच्या रिकाम्या कवचांत रंगीत कागदाचे कपटे भरून ती एकमेकांच्या डोक्यावर फोडतात. त्यांना शाळेतल्या मुलांसाठी तशी अंडी साखरेची हवी होती. काकांनी ऐटीत हो म्हटलं. पण गाठी भरीव असते. पोकळ अंड्यासाठी साच्याच्या कडेला पाक धरताच आतला पातळ पाक ओतून काढावा लागतो, जरा उशीर झाला की संपलं. ईस्टर रविवारी होता, आणि शुक्रवारपर्यंत एकही अंडं धड निघालं नाही. त्यात सवयीने काका प्रत्येक साच्यात गाठीचा दोरा घालत होते. मी चिडवायला गेले आणि थबकले... त्यांची बोटं तापलेल्या कढईला टेकली होती आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मी त्यांचा हात ओढला. बोटांवर जुने फोडही होते.

"शुगरनं मेलीत बोटं," ते म्हणाले. "काकूला बोलू नको. परेशान होईल."

मी कबूल केलं. शनिवारी तार मी बघितली, ओतायचं कधी ते त्यांनी सांगितलं. अंडी वेळेवर गेली. काकांची लाज राखली म्हणून मी खूश होते. पुढे डॉक्टरांचं नाव काढलं की ते पुढचा सीझन होऊ दे म्हणायचे, आणि मी गप्प बसायची. त्या गप्प बसण्याचा मला आज राग येतो.

परवा अंड्यांसाठी सिस्टरांचा पुन्हा निरोप आला, म्हणून कढई चढवली. पाक बोटांवर घेतला, चटका बसला आणि मला रडू फुटलं. काकूला सगळं सांगून टाकलं. तिने मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं.

ती माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "मला मालूम होतं गं. मला म्हणाले होते, पोरीला बोलू नको, परेशान होईल."

पाक करपल्याचा वास आला, तरी आमच्यापैकी कुणी उठलं नाही.