नुसता आवाज

बार्शीटाकळीच्या आसपासच्या खेड्यांत इंदूबाईंना सगळे 'सिस्टर' म्हणत. लशींचा डबा खांद्याला लावून त्या पावसाळ्यातही वस्त्यावस्त्यांवर पायी जात. निवृत्तीनंतर पार्किन्सनने नेमके तेच पाय धरले. दार आलं की पाय जमिनीला चिकटायचे. चेहराही असा थिजला, की बायको रागावली आहे की खूश, हे एवढ्या संसारानंतरही जानरावांना कळेना.

मुलगी दीक्षा अमरावतीला होती. तिथल्या एका दवाखान्यात डोक्याजवळ चुंबकाचं यंत्र धरून मेंदूला चालना देण्याच्या उपचाराचा अभ्यास चालू होता. डॉक्टरांनी आधीच सांगितलं, "गोळ्या चालूच राहतील. काहींना खरा उपचार मिळेल, काहींना यंत्राचा नुसता आवाज. कोणाला काय, ते शेवटी कळेल." इंदूबाई तयार झाल्या. नवराबायको दीक्षाकडेच राहिले.

यंत्र टकटक करायचं, त्या डोळे मिटून बसायच्या. मग एका सकाळी जानराव चहा करत असताना इंदूबाई आपल्या आपण चालत स्वयंपाकघरात आल्या.

"सरा बाजूले. साखर लय टाकता तुमी."

जानरावांच्या हातातलं गाळणं पडलं. पुढच्या दिवसांत त्या एकट्या कोपऱ्यावरच्या विहारात जाऊन आल्या. शेजारणीच्या बोलण्यावर खळखळून हसल्या.

अभ्यास संपल्यावर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. इंदूबाईंच्या वाट्याला नुसता आवाज आला होता.

"तुम्हाला पडलेला फरक खोटा नव्हता," डॉक्टर हळू म्हणाले. "या आजारात आशेनेही मेंदू काही काळ साथ देतो. आता खरा उपचार देऊ."

रिक्षा घराजवळ आल्यावर इंदूबाई म्हणाल्या, "मंग मी चालली कशी, जी?"

जानरावांनी रिक्षावाल्याचे पैसे दिले.

खरा उपचारही झाला. काहींना तो थोडाफार लागू पडतो. त्यांना नाही पडला. दोघं गावी परतले.

परवा विहारात जाताना गल्लीच्या मधोमध त्यांचे पाय थांबले. जानरावांनी हात पुढे केला. "ये ना वं. अमरावतीले तं एकटीच जात होती तू."

"तवा मले मालूम नव्हतं," इंदूबाई म्हणाल्या.

चेहरा तसाच होता. फक्त डोळे भरून वाहत होते. जानरावांनी ते आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसले आणि दोघं तिथेच, उन्हात, उभे राहिले.