ओठ दिसतील असा टीव्ही

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. माझे वडील, अण्णा, मोर्च्याची पत्रकं वाटायचे, उरलेली घरी आणायचे, आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे कुठलीही वस्तू घेताना ती कुणाच्या फायद्याची, हा प्रश्न मला आधी पडतो. टीव्हीच्या बाबतीत माझं उत्तर तयार होतं. बत्तीस इंची, साधा, गरजेपुरता. फोर-के वगैरे आकडे म्हणजे कंपन्यांनी लावलेली हाव, असं मी तेर गावाहून धाराशिवला टीव्ही घ्यायला येताना एसटीत आक्काला ऐकवलंही. म्हणजे तिच्याकडे तोंड करून सांगितलं.

आक्का माझी थोरली बहीण. शाळेत असताना तापात तिचे कान गेले. ती बोलते नीट, पण समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचते. घरातला जुना टीव्ही इतका धूसर होता की त्यातल्या माणसांना ओठ आहेत हे गृहीत धरावं लागे. बातम्या लागल्या की ती विचारायची, "काय म्हणायलाय?" आणि आम्ही अख्ख्या भाषणाचं अर्ध्या ओळीत उत्तर द्यायचो. "काय न्हाय, नेहमीचंच." तिला आता आमचं उत्तर नको होतं. स्वतः वाचायचं होतं.

दुकानदार चाचांनी सगळ्यात मोठ्या पडद्यावर पोपट लावला. "बघा बेटा, एकेक पीस मोजून घ्या."

"पोपटाला ओठ न्हाईत," आक्का म्हणाली. "माणूस दाखवा."

चाचांनी सिनेमा लावला. चित्र लख्ख होतं. आक्का बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "ह्याची भाषा मला येत न्हाय."

"अरे, मराठीच बोलायलाय की तो!" चाचा म्हणाले.

आवाज मराठी होता, ओठ तेलुगू असावेत. सिनेमा डब केलेला होता. आम्हाला ऐकू येत असल्यामुळे आमच्या ते लक्षातच आलं नव्हतं. ही संधी साधून मी फसवणुकीच्या बाजारावर बोलायला लागले. आक्कानं हातानंच मला थांबवलं. "तुझी सभा मागनं घे. चाचा, मराठी बातम्या लावा."

केबलवरच्या बातम्या लागल्या आणि त्याच भव्य पडद्यावर निवेदकाचा चेहरा ओल्या भिंतीवरच्या रंगासारखा पसरला. चाचांनी आढेवेढे न घेता सांगितलं, "पडद्यात ठिपके लई हायेत बेटा, पण चॅनलच कमी ठिपक्यांचं येतंय. मग पडदा तेवढेच ठिपके ताणतो."

मी जिंकले असं मला वाटलं. मी बत्तीस इंचीकडे बोट दाखवलं. आक्का मागं मागं सरकत गेली, आमच्या खोलीत पलंग भिंतीपासून जितका लांब आहे तितकी, दुकानातल्या फ्रिजला पाठ टेकेपर्यंत.

"इथनं त्याचं तोंड मसुराएवढं दिसतंय," ती म्हणाली. "मसूर काय बोलणार?"

मी बोट खाली घेतलं. चाचांनी त्रेचाळीस इंची फुल एचडी लावला, दुसरा सेटटॉप बॉक्स जोडला आणि एचडी चॅनल काढलं. आक्का फ्रिजपाशीच उभी होती. तिचे ओठ निवेदकाच्या ओठांबरोबर हलायला लागले.

"दूध महागणार म्हणायलाय."

"व्हय," चाचा म्हणाले, "तेच म्हणला."

आम्ही तो टीव्ही घेतला, त्या बॉक्ससकट. माझ्या हिशोबात तो गरजेपेक्षा मोठा होता. पण गरज माझी नव्हती.

घरी पहिल्याच संध्याकाळी कुठल्यातरी सभेची बातमी लागली. मंचावर एक पुढारी माइकसमोर उभा होता आणि मागं खुर्च्यांवर दोघं कुजबुजत होते. आक्का अचानक हसली.

"काय गं?" आईनं विचारलं.

"मागचा म्हणायलाय, हा बसत न्हाय तवर जेवण न्हाय."

"आन् दुसरा?"

"भाजीत मीठ कमी हाय म्हणं. मगाशीच बघून आलाय."

आई तिच्याजवळ सरकून बसली. अण्णांनी आयुष्यभर असल्या सभांत पुढं बसून भाषणं ऐकली होती. त्यांनी रिमोट घेतला आणि पुढाऱ्याचा आवाज बंद केला.